फेस गेला कुठी?

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा पट्टा पसरलाय. जमीन काळीशार, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. शाळेतल्या हापशीचंही तसंच. साबणाला फेस यायचा नाही, डाळ शिजायची नाही, आणि याचं कुणाला नवलही वाटायचं नाही. आमच्या विज्ञानाच्या सरांना मात्र वाटायचं.

एकदा त्यांनी वर्गात काचेच्या दोन बरण्या आणल्या. एकीत हापशीचं पाणी, दुसरीत पावसाचं धरून ठेवलेलं. दोन्हींत साबणाचा चुरा टाकून खळखळ हलवलं. पावसाच्या पाण्यात फेस मावेना, हापशीच्या पाण्यावर नुसता पांढरा साका. "काऊन रे पोट्टेहो, फेस गेला कुठी?"

मग उत्तर आलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याचा न विरघळणारा साका होतो. ते संपेपर्यंत फेसाला साबण उरतच नाही. त्यात खारेपणाची भर. मिठाच्या पाण्यात साबण नीट विरघळत नाही. साबण तयार करताना तो वेगळा काढायला मुद्दाम मीठ टाकतात ते याचमुळे. डाळीचाही गुन्हेगार तोच. कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन घट्ट होतं आणि दाणा फुटत नाही. खायच्या सोड्यानं डाळ शिजते, पण ब१ जीवनसत्त्व नासतं, हे मी घरी जाऊन ऐटीत सांगितलं. आई म्हणाली, "मंग तूच शिजव."

पण सरांचा खरा तास भरला तो बाजारात, कल्हईवाल्यापुढं. अख्खा नववीचा वर्ग भात्याभोवती उकिडवा बसलेला. आंबाडीची भाजी पितळेच्या भांड्यात ठेवली की कळकते, कारण आंबटानं तांबं सुटून भाजीत उतरतं. म्हणून आतून कथलाचा हात. तापलेल्या पातेल्यात त्यानं नवसागर टाकला आणि भसकन पांढरा धूर उठला. सरांचा प्रश्न ठरलेला: हा आला कुठून? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. तापलं की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड. दुसरा वायू भांड्यावरचा ऑक्साईडचा काळपट थर काढतो आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील धरतं. उरलेले वायू वर गार हवेत भेटतात आणि पुन्हा नवसागरच होतात. म्हणजे तो धूर नव्हताच, उडालेल्या नवसागराचे बारीक कण होते! कथील 232 अंशांना वितळतं, पितळेला नऊशेच्या आसपास लागतात, म्हणून पातेलं शाबूत राहतं.

कल्हईवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, एवढं शिकून कल्हई करता येते काय?" सरांनी करून पाहिली. पातेल्याला चट्टे पडले. दुसऱ्यांदा कल्हई करायचे पैसे सरांनी खिशातून दिले.

आज माझं कृषी केंद्र आहे, म्हणजे रसायनं पोत्यांनी आणि बाटल्यांनी विकतो. युरिया बादलीत विरघळला की पाणी गारठतं, कारण विरघळायला लागणारी उष्णता तो पाण्यातूनच घेतो. हाच युरिया 1828 साली वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत तयार केला; तोवर तो सजीवाच्या शरीरातच होतो असा समज होता.

फवारणीचं मात्र हसण्यावारी नेत नाही. इकडच्या काही बोअरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आठाच्या वर असतो आणि अशा अल्कधर्मी पाण्यात बरीच ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हळूहळू फुटतात. औषध टाकीत मिसळून दुपारपर्यंत ठेवलं की किडीवर असर कमी, मग शेतकरी पुढच्या वेळी मात्रा वाढवतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ही औषधं कातडीतूनही आत जातात, भिजलेला शर्ट अंगावर ठेवायचा नसतो. गिऱ्हाईक बाटली मागतं तेव्हा मी आधी पाणी कुठलं ते विचारतो. काही जण वैतागून दुसऱ्या दुकानात जातात.

शाळेच्या महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बॅचनं पटांगणात कल्हईचं प्रात्यक्षिक ठेवलं आहे. घरातलं तांब्या-पितळेचं भांडं घेऊन यावं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, आणू नये, त्याला या पद्धतीनं कथील धरत नाही. का धरत नाही, ते नववीच्या पोरांना विचारा. त्यांना तयारी करायला सांगितलं आहे.