कंसातला तोटा

सर्वसाधारण सभेच्या किमान 21 दिवस आधी नोटीस आणि वार्षिक अहवाल भागधारकांना धाडावा लागतो. ती तारीख हलत नाही, त्यामुळे आधीच्या प्रत्येक टेबलावर झालेला उशीर शेवटी आमच्या, म्हणजे मांडणी करणाऱ्यांच्या, माथी येतो. अशाच धावपळीत एका कंपनीच्या अहवालाची सुगम्य पीडीएफ, म्हणजे दृष्टिहीनांना संगणकावर ऐकता येईल अशी फाइल, आम्ही तयार केली. आर्थिक तक्त्यांवर विशेष मेहनत घेतली होती. जोडलेले रकाने मोडून प्रत्येक आकडा आपल्या ओळीच्या आणि स्तंभाच्या शीर्षकाशी बांधला, जेणेकरून ऐकणाऱ्याला रक्कम चालू वर्षाची की मागील वर्षाची हे प्रत्येक ठिकाणी कळावे. तपासणीच्या सॉफ्टवेअरने सगळीकडे हिरवी खूण दिली.

तरीही मी ती फाइल एका दृष्टिहीन, निवृत्त बँक अधिकाऱ्यांना ऐकायला दिली. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ते माझ्या कानाला केवळ गुणगुण वाटावी अशा वेगाने ऐकतात. विभागनिहाय निकालांपाशी ते थांबले आणि म्हणाले, "मागच्या वर्षी या विभागाला नफा झाला होता ना? मग अध्यक्षांच्या पत्रात तोटा भरून काढल्याचं कसं म्हटलंय?"

तक्त्यात आकडा कंसात होता. हिशेबात उणे रक्कम कंसात लिहितात, आणि एनव्हीडीए मूळ सेटिंगमध्ये कंस उच्चारतच नाही. मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे हे सांगणारी, पानावर न दिसणारी खूण, म्हणजे टॅग, आहे की नाही एवढेच तपासणीचे सॉफ्टवेअर पाहते. तोट्याचा नफा झाला, हे त्याच्या कक्षेत येत नाही.

पीडीएफच्या टॅगला 'ॲक्च्युअल टेक्स्ट' हा गुणधर्म जोडता येतो. पानावर कंस तसाच राहतो आणि वाचक मात्र 'मायनस' ऐकतो. उपाय सोपा होता, परवानगी नव्हती. कंपनी सचिवांनी लेखापरीक्षकांना विचारले, तेव्हा उत्तर आले, "आम्ही सही केली ती छापील पानावर, आत तुम्ही काय लिहिता त्याची हमी आम्ही देणार नाही." हे ऐकून मी चिडलो, कारण त्याच लेखापरीक्षकांचा स्वतःचा अहवाल सही-शिक्क्यासह स्कॅन करून, निव्वळ चित्र म्हणून आमच्याकडे आला होता. स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षरही सापडत नव्हते. आम्ही त्याचा मजकूर मागवून घेतला, पण ते चित्र पाठवताना हमीचा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

अखेर सचिवांनी स्वतःच्या अधिकारात परवानगी दिली, प्रत्येक तक्त्याच्या वर 'कंसातील आकडे उणे' अशी ओळ छापण्याच्या अटीवर. आम्ही प्रत्येक कंस छापील प्रतीशी ताडून ऐकला. तरीही लेखापरीक्षकांच्या त्या उत्तरात तथ्य आहे, असे मला आता वाटू लागले आहे: आतल्या थरात 'मायनस' एका ठिकाणी राहून गेला, तर डोळ्यांनी वाचणाऱ्याला खरा आकडा दिसेल आणि कानांनी वाचणारा चुकीच्या आकड्यावर शेअर घेईल किंवा विकेल. तो थर कोणी तपासायचा, हे पुढच्या वर्षीच्या करारातही अद्याप लिहिलेले नाही.