हिवाळ्यात ब्रायटनला कशासाठी?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला हिवाळ्यात कशासाठी जायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लंडनला आलेले पाहुणे असोत की इथलीच मराठी मंडळी, हिवाळ्यातला शनिवार-रविवार ब्रायटनला चाललेय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: एवढ्या थंडीत समुद्रावर आहे काय?

डुंबायचं म्हणाल तर काही नाही. वाळू नाही, सगळा किनारा गोट्यांचा, आणि वारा उभं राहू देत नाही. पण दुपारी चारच्या सुमारास, दिवस मावळताना, पॅलेस पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यावर, स्टारलिंग पक्षी येतात. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात, त्यांचेच हे भाऊबंद. १८९९ सालच्या त्या पिअरच्या खाली त्यांचा रात्रीचा मुक्काम असतो. आत शिरण्याआधी ते समुद्रावर घिरट्या घालत राहतात. थवा एका अंगाला दाटतो, काळाकुट्ट होतो आणि क्षणात विरळ होऊन पसरतो. अगदी डोक्यावरून गेला तर पंखांची सळसळ ऐकू येते. उन्हाळ्यात हे दिसत नाही.

माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. आपल्या देशाची माणसं ब्रायटनला शेकड्यांनी आली ती सुट्टीसाठी नव्हे, आणि आली तीही ऐन हिवाळ्यात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ मध्ये इथल्या रॉयल पॅव्हेलियनचं इस्पितळ झालं. हा इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाचा विलासमहाल. बाहेरून घुमट-मिनार हिंदुस्थानी धाटणीचे, आतली सजावट चिनी. व्हिक्टोरिया राणीचं मन तिथे रमलं नाही आणि १८५० मध्ये तो शहराकडे आला. त्याच्या संगीतदालनात जखमींच्या खाटा लागल्या. धर्म आणि जात पाहून स्वयंपाकघरं वेगळी केली, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळही वेगळे. तिथे उभी राहिले की सोनेरी छतापेक्षा मला त्या खाटाच दिसतात. उन्हाळ्याच्या गर्दीत लोक मागून पुढे सरकवतात. जानेवारीत हवं तितका वेळ थांबता येतं.

जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांना शहराबाहेर पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला आणि त्यांची रक्षा समुद्रात सोडली. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. जिथे चिता पेटल्या तिथे १९२१ पासून पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं आणि मला ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं. चितांच्या चौथऱ्यांवर आता ग्रॅनाइटच्या शिळा आहेत. त्या टेकडीवरचा वारा अंगावर घेतल्यावरच कळतं, पंजाब-गढवालच्या त्या पोरांनी कसला हिवाळा काढला असेल.

तेव्हा जायचंच असेल तर असं करा. व्हिक्टोरिया स्टेशनवरून तासाभरात पोचाल. शनिवारी आधी पॅव्हेलियन, मग साडेतीनलाच पिअर गाठा. उशीर झाला तर अंधार पडतो आणि पक्षी हुकतात. रविवारी सकाळी छत्रीला. पायवाट चिखलाची असते, जाड तळाचे बूट घाला. छत्री पाहून लगेच मागे फिरू नका. जवळच २०१० साली बसवलेल्या शिळेवर तिथे अग्नी दिलेल्या ५३ जणांची नावं कोरली आहेत, ती सगळी वाचा. मुलं बरोबर असतील तर त्यांना मोठ्याने वाचायला लावा.