मोजणाऱ्यांची मोजणी

आज दिवसभर एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मेट्रिक्स टीमचं, म्हणजे कामाची मापं ठेवणाऱ्यांचं, असेसमेंट केलं. डॅशबोर्ड बघून आधी दिपलोच. चाळीसेक आलेख, लाल-हिरवे दिवे, दर सोमवारी आपोआप निघणारा रिपोर्ट. मग विचारलं, "यातला आकडा बघून शेवटचा निर्णय कोणता बदललात?" खोलीत शांतता. एक जण हळूच म्हणाला, "सर, रिपोर्ट वर जातो."

वर जातो. पुढे त्याचं काय होतं, देव जाणे.

सीएमएमआय म्हणजे कंपनीच्या कामाच्या पद्धती किती पक्क्या आहेत ते पाच पातळ्यांत जोखणारी चौकट. तिच्या जुन्या १.३ आवृत्तीत मापन आणि विश्लेषण दुसऱ्याच पातळीवर येतं. संख्याशास्त्राच्या आधारे प्रक्रिया सांभाळणं मात्र थेट चौथ्या. मधलं अंतर टूल विकत घेऊन कापता येत नाही. व्हिक्टर बॅसिली यांची जीक्यूएम (गोल-क्वेश्चन-मेट्रिक) पद्धत सांगते: आधी उद्दिष्ट, मग प्रश्न, सगळ्यात शेवटी माप. इथे माप आधी, कारण टूल ते आयतं काढून देतं!

खरी गंमत जेवणानंतर. बगची संख्या तीन महिन्यांत निम्मी झालेली. मी कौतुक करणार, तेवढ्यात टेस्टिंगमधली एक मुलगी म्हणाली, "ती अप्रेझलला जोडल्यापासून आम्ही पाच-पाच बग एकाच नोंदीत लिहितो." चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलन धोरणाबद्दल जे म्हटलं, ते हेच की: नियंत्रणासाठी आकड्यावर दबाव आणला, की तो भरवशाचा राहत नाही!

रिपोर्टमध्ये दुसरी पातळी लिहिली, तीही जरा हात सैल सोडून. त्या मुलीला मेट्रिक्स टीममध्ये घ्या, एवढं मात्र निघताना तोंडी सांगून आलो.