फोटोतल्या हातात काय आहे

आज दुपारभर मोठी आत्या आणि मी जुने फोटो पसरून बसलो होतो. बाहेर उन्हाचा नुसता जाळ आणि कूलर बंद, कारण कूलरच्या ओल्या हवेने फोटो एकमेकांना चिकटतात (नागपूरचं कोरडं ऊन फोटोंना मानवते, माणसांना नाही). आत्या वैतागून राहिली होती पण उठली नाही.

आमच्याकडचा सगळ्यात जुना फोटो १९५७ चा. त्याच्या आधीचं काहीच नाही. आबांचे वडील दिसायला कसे होते हे आता कोणालाच माहीत नाही, पणजीचं तर विचारूच नका. स्टुडिओत जायला पैसे कुठले. घरात भिंतीवर लागलेला पहिला फोटो घरच्या माणसाचा नव्हताच, बाबासाहेबांचा होता, बाजूला बुद्धाचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आबा आणि आजी पाचपावलीहून पायी गेले होते दीक्षा घ्यायला. लाखो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यात, त्यात या दोघांचा फोटो कोण काढणार. मग दोन महिने पण झाले नाही आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्याच्यानंतर कधीतरी आबांनी मनात घेतलं की आपल्या घराचा फोटो पाहिजे, आणि सगळ्यांना घेऊन बर्डीवरच्या एका स्टुडिओत गेले.

फोटोला कातरलेली किनार आहे. आजी खुर्चीवर, तीच दीक्षेची पांढरी साडी, आबा बाजूला उभे, खाली सहा वर्षांची आत्या आणि बाबा, बाबांचं तोंड रडवेलं. आबांच्या खिशाला पेन आणि हातात जाड पुस्तक. मी लहानपणापासून समजत होती की आबा वाचायचे. आज आत्या हसली. "तुह्या आबाले फक्त सही येत होती वं. पेन पन फोटोवाल्याचा अन् पुस्तक पन त्याचंच."

तिथून आमचा नादच बदलला, प्रत्येक फोटोत आम्ही हातच पाहायला लागलो. आत्याचा लग्नासाठी काढलेला फोटो, १९७० च्या आसपासचा, स्टुलावर कोपर टेकवलेलं, मनगटावर घड्याळ. घड्याळ शेजारच्या काकूंचं होतं आणि त्या काकू स्टुडिओच्या दारात उभ्या होत्या, परत घ्यायला! बाबांचा १९७४ चा गाऊनमधला फोटो, हातात गुंडाळी केलेली पदवी, म्हणजे गुंडाळीच, आत कोरा कागद असावा असा आत्याचा दावा आहे. पण बीए खरी होती हो, दीक्षाभूमीवरच्या आंबेडकर कॉलेजची. ते कॉलेज सुरू झालं १९६४ ला आणि दहा वर्षांत आमच्या घरातला पोट्टा तिथून बाहेर पडला. आबांच्या हातात उसनं पुस्तक आणि मुलाच्या हातात स्वतःची पदवी, मध्ये फक्त सतरा वर्षं. हे दोन फोटो मी बाजूबाजूला ठेवले आणि बराच वेळ काही बोलताच आलं नाही मला.

पण मग एक गोष्ट खटकायला लागली. आबांनी आयुष्य काढलं एम्प्रेस मिलमध्ये, मागावर. १८७७ ची मिल, २००२ ला पूर्ण बंद झाली, आता तिथे मॉल आहे आणि माझा भाचा तिथे पिक्चर पाहायला जातो. मिलमधला आबांचा एकही फोटो नाही. गेटवरचा पण नाही. आजी रात्री उशिरापर्यंत विड्या वळायची, मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि जर्दा, हजार विड्यांमागे पैसे मिळायचे, बाबांची फी त्यातूनच गेली. तिची बोटं जर्द्याने पिवळी पडलेली मला चांगली आठवतात, पण फोटोत कुठे नाही, फोटोत हात पदराखाली आहेत. मी आत्याला म्हटलं, कोणीच कसा नाही काढला. ती म्हणे, "कामाचा फोटो पैसे देऊन कोन काढते? तो तं रोजच दिसत होता."

म्हणजे अल्बमभर आम्हाला काय व्हायचं होतं ते आहे, आणि आम्ही काय करत होतो ते आत्याच्या डोक्यात.

नंतरचे फोटो भराभर पाहिले. बाबांनी मित्राचा अॅग्फा क्लिक थ्री आणून काढलेले चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट, महाराजबागेत मी, फुटाळ्यावर मी, रोलमध्ये बाराच फोटो निघायचे म्हणून बाबा श्वास धरून बटन दाबायचे आणि तरी अर्धे हललेले. इथे मात्र माझ्या हातात काही नाही, नुसती मूठ. मग रंगीत आले, तेच सगळ्यात खराब झालेत, निळं-हिरवं उडून गेलं आणि सगळे पाहुणे लालसर. वर ते चिकट पानांचे अल्बम. त्यातून एक फोटो दोरा सरकवून सोडवला तर अर्ध्या तासाचं काम.

१९५७ वाल्याच्या मागे पेन्सिलने लिहिलंय, आबांचं नाव आणि पुढे "व परिवार". मी त्याच्याखाली बारीक पेन्सिलने आजीचं नाव लिहिलं, मग आत्याचं, मग बाबांचं. आजीच्या नावापुढे "विडी कामगार" लिहू का म्हटलं तर आत्या बिघडली, म्हणे मेलेल्या माणसाला काहून खाली दाखवते. मी म्हटलं त्यात खाली काय आहे. आमचं यावर चांगलंच वाजलं, चहा थंड झाला. शेवटी असं ठरलं की फोटोमागे नको, वेगळ्या वहीत लिहायचं, आणि आत्या सांगेल तसंच लिहायचं. पुढच्या रविवारी तिच्या घरची पेटी उघडायची आहे. तिची अट एकच, घड्याळाची गोष्ट वहीत यायला नको.