घाईच्या मालाची वाट पाहताना

अमेरिकेत ‘एक्स्पेडाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तातडीच्या मालवाहतुकीत मी वयाच्या ५१व्या वर्षी शिरले, तेव्हा हा वेगाचा धंदा असणार अशी माझी पक्की समजूत होती. दीड वर्षानंतर आमची हिशेबाची वही चाळताना दिसते ते असे की, ट्रक जितके तास धावला त्याहून अधिक तास तो उभा होता, आणि त्या आठवड्यात पैसे सुटले की बुडाले हे बहुधा तो कुठे उभा होता यावरच ठरले. ट्रक चालवायला शिकवणाऱ्या शाळा येथे पुष्कळ आहेत. थांबायला मात्र कोणी शिकवत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

हा माल तातडीचा का असतो, ते आधी सांगायला हवे. टोयोटाने रुळवलेल्या आणि पुढे इतर मोटार कंपन्यांनीही उचललेल्या जस्ट-इन-टाइम पद्धतीत कारखाना सुट्या भागांचा फारसा साठा ठेवत नाही. भाग लागतो त्याच सुमारास तो दारात यावा लागतो. पुरवठादाराचा कुठे अंदाज चुकला की जुळणीचे काम ठप्प होण्याची वेळ येते, आणि त्या नुकसानापुढे दोन पॅलेटसाठी (माल रचायच्या लाकडी चौकटींसाठी) अख्खा ट्रक बोलावणे स्वस्त पडते. आमचा पहिला लोड असाच होता: ओहायोतून केंटकीला जाणाऱ्या जेमतेम ६०० पौंड प्लॅस्टिकच्या क्लिपा, आणि बाकी सगळा २४ फुटी डबा रिकामा. साध्या मालवाहतुकीत माल वाटेतल्या गोदामांत उतरत-चढत जातो. येथे तो ज्या ट्रकात चढतो त्याच ट्रकातून उतरतो आणि वाटेत त्याच्या शेजारी दुसऱ्याचा माल ठेवला जात नाही. विमानांचे भाग, औषधे, प्रदर्शनांचे साहित्य हेही अधूनमधून मिळते, परंतु आमची भाकरी मुख्यतः मोटारींच्या कारखान्यांवर आहे, आणि त्यामुळे जुलैच्या आरंभी व नाताळात ते कारखाने बंद असतात तेव्हा आमचीही चूल थंडावते.

परवान्याचा भाग मी थोडक्यात सांगते. मालासकट कमाल वजन २६,००० पौंडांपेक्षा अधिक ठरवलेल्या एकसंध ट्रकसाठी (केबिन आणि डबा एकाच सांगाड्यावर असलेल्या) ‘क्लास बी’ व्यावसायिक परवाना लागतो, राज्याबाहेर माल न्यायचा तर वय २१ पूर्ण असावे लागते, आणि वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेतून प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे, आणि शिकाऊ परवाना हाती आल्यावर किमान १४ दिवस गेल्याशिवाय प्रत्यक्ष चाचणी देता येत नाही. मला ट्रक मागे घेण्याची धास्ती होती. प्रत्यक्षात घाम फोडला तो निघण्यापूर्वीच्या तपासणीने. ट्रकभोवती फिरत एकेक भाग हात लावून, नाव घेऊन सांगायचा असतो. एअर ब्रेकच्या चाचणीत इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला असता मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) अधिक दाब उतरता कामा नये, हे वाक्य मी स्वयंपाक करताना मोठ्याने घोकत असे.

आम्ही दोघे नवरा-बायको एकच ट्रक चालवतो. या धंद्यात अशा जोड्या पुष्कळ दिसतात, आणि त्याचे कारण गणिताचे आहे. एका चालकाला दहा तासांच्या विश्रांतीनंतर, कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, फार तर ११ तास गाडी चालवता येते, आणि ही नोंद ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक लॉग स्वतःच ठेवतो. मेक्सिकोच्या सीमेवरील लारेडोहून डेट्रॉइटपर्यंतचे १,६०० मैलांहून थोडे अधिक अंतर एकट्याला तीन दिवसांचे होते. दोघे असले की एक चालवतो, दुसरा मागच्या स्लीपरमध्ये पट्टे बांधून झोपतो, आणि ट्रक दीड दिवसाच्या आत पोचतो. दहा हजार पौंडांपर्यंतच्या छोट्या व्हॅनना ही वेळेची मर्यादा सहसा लागू होत नाही, आणि म्हणून अनेक जण एकट्याने व्हॅनपासून सुरुवात करतात. मला ती मोकळीक भयावह वाटते. कायदा थांबवत नसेल, तर रात्री तीन वाजता थांबायचे की नाही हे झोपेने अर्धवट मिटलेल्या डोळ्यांवरच सोपवावे लागते.

आता आमच्या मूर्खपणाविषयी. चौथ्या आठवड्यात ओहायोतल्या कोलंबसहून फ्लॉरिडातल्या ऑर्लँडोचा लोड आला. ९५० मैल, इंधनाचा अधिभार धरून मैलाला १ डॉलर ९० सेंट. थंडीतून सुटका होणार म्हणून आम्ही तो हसत घेतला. ट्रक दुसऱ्याच्या मालकीचा असून आमच्या करारात आम्हाला ६० टक्के मिळतात आणि डिझेल आमच्याकडे असते. तेव्हा १,८०५ डॉलरांतले आमचे १,०८३, आणि त्यातून डिझेलचे सुमारे ३८० गेले. इथवर ठीक होते. परंतु फ्लॉरिडात माल येतो पुष्कळ आणि बाहेर जातो थोडा, त्यामुळे तेथे रिकामे ट्रक रांगेने उभे असतात. आम्ही चार दिवस थांबलो, आणि पाचव्या दिवशी कंटाळून ४४० मैल रिकामे चालवत जॉर्जियातल्या अटलांटाला आलो. त्या डिझेलचे १७६ डॉलर वजा केल्यावर दोन माणसांच्या सहा दिवसांसाठी पाचशेच्या आसपास उरले, आणि त्यातून जेवणखाण अजून जायचे होते. माझे मामा मिरजेहून मुंबईच्या बाजारात भाजीचा ट्रक नेत आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत तेथेच पथारी टाकून पडत. लहानपणी मला तो त्यांचा आळस वाटायचा. अटलांटाच्या वाटेवर मी मनोमन त्यांची माफी मागितली.

त्यानंतर आम्ही लोडचे पैसे पाहण्याआधी तो कुठे नेऊन सोडणार आहे ते पाहू लागलो. ओहायो, इंडियाना, मिशिगन, केंटकी, टेनेसी या पट्ट्यात कारखाने दाट असल्यामुळे तेथे थांबणे सहसा वाया जात नाही. मोंटाना किंवा मेन अशा आडबाजूच्या राज्यांत जाणारा लोड कितीही आकर्षक दिसला, तरी त्याच्या भाड्यात परतीचे रिकामे मैल मिळवून मगच मैलाचा दर काढावा.

थांबण्याची दुसरी बाजू मला अधिक अवघड गेली. दिवसभर ट्रक स्टॉपवर आपण जागे असतो, कपडे धुतो, मुलीशी फोनवर बोलतो, आणि रात्री नऊ वाजता लोड येतो. लॉगच्या दृष्टीने आपली दहा तासांची विश्रांती झालेली असते, म्हणजे घड्याळ ताजे आणि शरीर शिळे. सुरुवातीला आम्ही दोघेही रात्री झोपायचो आणि दिवसा जागायचो. अशाच एका रात्री इंडियानात मला समोरच्या ट्रकचे दिवे दोनाचे चार दिसू लागले, तेव्हा पुढच्याच विश्रांतिस्थळी ट्रक उभा करून मी नवऱ्याला उठवले. आता काम असो वा नसो, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत मी झोपते आणि तो जागा राहतो. उजेडात पडदे ओढून झोपायची सवय लागायला मला दोन महिने लागले, आणि भांडणेही त्याच काळात सर्वांत जास्त झाली.

ट्रकमालकाशी करार करताना आम्ही टक्केवारीवर घासाघीस केली आणि इतर कलमे वाचलीच नाहीत. ट्रक दुरुस्तीला गेला की आमचे दिवस कोणाच्या खाती, डॉकवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावर, तासन्‌तास खोळंबल्याची भरपाई मिळाली तर त्यात आमचा वाटा किती, किती लोड नाकारले की लोडच्या रांगेत नाव मागे पडते, हे सगळे आधी विचारायला हवे होते. शिवाय आपण नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो, त्यामुळे नफ्यावरील १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर आणि त्याखेरीज आयकर दर तिमाहीला आपणच भरायचा असतो. पहिल्या वर्षी आम्ही ते पैसे बाजूला ठेवले नव्हते, आणि वर्षाचा कर चुकता करायचा एप्रिल महिना फार कडू गेला.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा एक ऑर्लँडोचा लोड आला, या वेळी मैलाला २ डॉलर १० सेंट. मी डिस्पॅचला, म्हणजे लोड वाटून देणाऱ्या कचेरीला, फोन करून जॉर्जियापर्यंतच्या रिकाम्या मैलांचे पैसे लेखी मागितले. नकार आला, आणि आम्हीही नाही म्हटले. त्यानंतर अकरा तास फोन वाजला नाही. नवऱ्याने दोनदा वही उघडून मिटली आणि मी माझ्या वेळेला पडदे ओढून झोपले. रात्री दहाला त्याने मला उठवले तेव्हा टेनेसीचा ३१० मैलांचा लोड स्वीकारून झाला होता आणि ट्रकचे इंजिन सुरू होते.