दहा मीटरची जागा : एअर पिस्तूलचे पहिले पाच महिने

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी 40 शॉट्सना 400 पैकी 318 पडले. जुलैत पहिल्यांदा मोजले तेव्हा 241 होते. मधल्या 77 गुणांपैकी निम्मे तरी मी जागेच्या खात्यावर जमा करते. म्हणून आजच्या नोंदीत स्कोअर थोडा आणि जागेबद्दल जास्त. नव्याने सुरू करणारे बरेच जण आधी पिस्तूल कोणतं घेऊ ते विचारतात. माझं सांगणं आहे, आधी रोज पाय वळेल अशी रेंज शोधा.

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला पोटावर झोपून पॉइंट टू-टू (0.22 इंच) रायफलच्या पाच गोळ्या मारल्या होत्या. खांद्याला बसलेला हलका धक्का आणि नंतर कागदावर बोट फिरवून शोधलेली भोकं, एवढं पंचवीस वर्षं लक्षात राहिलं. ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं आणि ती आठवण पुन्हा वर आली. प्रत्यक्ष चौकशीला मात्र पुढचा मे उजाडला.

पुण्यात नेमबाजी म्हटलं की बालेवाडी. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा जिथे झाल्या ते संकुल. दहा, पंचवीस, पन्नास मीटर, सगळं एका आवारात. मी एक सकाळ नुसती बघायला गेले. पन्नास मीटरच्या रेंजवर एक मुलगी गुडघ्यावर बसून वाऱ्याची निशाणं बघत होती, रायफल खांद्याला, आणि पुरी दोन मिनिटं तिने चाप ओढला नाही. शेवटी रायफल खाली घेतली, श्वास सोडला, पुन्हा पहिल्यापासून. ते बघून परतताना मी मनाशी पक्कं केलं की हे शिकायचंच. पण मी राहते धायरीला. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, मग पुढे. ऑफिस सुटल्यावर तिथे पोचेपर्यंत हात आणि डोकं दोन्ही थकलेलं असणार. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा जमलं असतं.

मग जवळपास शोध सुरू केला. एका ठिकाणी फोन केला तर पहिलाच प्रश्न, "मुलाचं वय काय?" मला स्वतःला शिकायचंय म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. भेटायला गेले तर एक शॉट मारायला देण्याआधीच पिस्तूल, बूट, चष्मा अशी यादी हातात ठेवली. मला ते फार लागलं. चाळिशीनंतर काही शिकायला जाणाऱ्या माणसाला आधी दहा पेलेट (छर्रे) मारू द्या हो, मग यादी द्या.

दुसरी जागा शहराबाहेर, सहलीला येणाऱ्यांसाठी. फुगे, रिकामे डबे, स्प्रिंगची जुनी रायफल. माझ्यासमोर एका मुलाने भरलेली रायफल हातात धरूनच मागे वळून वडिलांना हाक मारली आणि तिथल्या माणसाने काहीही म्हटलं नाही. मी पैसे तसेच सोडून निघाले. नवीन माणसाने जागा पारखायची तर याच एका गोष्टीवर पारखावी: नळी कुठे वळते आणि ती वळल्यावर कोण ओरडतं.

तिसरी जागा मिळाली ती एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, स्कूटरवरून बारा मिनिटांवर. सहा लेन. इलेक्ट्रॉनिक टार्गेट नाही. कागद दोरीवर टांगून कप्पीने पुढे-मागे करायचा. पहिल्या दिवशी सरांनी पिस्तूल हातात दिलंच नाही. पाऊण तास बसून फक्त बघायला लावलं. "लोड" म्हटल्याशिवाय कोणी पेलेटच्या डबीला हात लावत नव्हतं. "स्टॉप" ऐकलं की सगळी हत्यारं टेबलावर, नळी टार्गेटकडे, आणि चेंबरमध्ये केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आत छर्रा नाही हे दाखवणारी खूण. कोणाचा कागद दोरीवरून निसटला आणि पुढे जावं लागलं, तर आधी सहाही लेनचे फ्लॅग तपासले जात. आठवीतली मुलंही हे न सांगता करत होती. मी त्याच संध्याकाळी पैसे भरले.

जागेत बाकी उणिवा आहेत. उन्हाळ्यात पत्रा तापतो. टार्गेटवर नियमानुसार किमान 1500 लक्स उजेड हवा. लेन एक आणि सहाला तो कमी पडतो हे डोळ्यांनाच कळतं, म्हणून मी चार नंबर धरते. पण मागे तिरकी पोलादी पत्रा-पेटी आहे, छर्रे तिच्यात पडतात, उसळून येत नाहीत. आणि दाराबाहेर साबणासकट बेसिन आहे. पेलेट शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय तिथे कोणालाही पाण्याच्या बाटलीला हात लावू देत नाहीत, आणि हे मला फार आवडलं.

परवान्याचं बरेच जण विचारतात. 0.177 इंच म्हणजे 4.5 मिमी बोअरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूल-रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दुकानदार ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेतो, एवढंच. पॉइंट टू-टू आली की परवान्याचं सगळं प्रकरण आलं. मला दहा मीटर पुरे होतं, म्हणून त्या वाटेला गेलेच नाही.

आता प्रगती. जून पूर्ण रिकाम्या पिस्तुलावर गेला, पांढऱ्या भिंतीसमोर. जुलैत क्लबच्या पिस्तुलावर दहा-दहा शॉट्सच्या पहिल्या सिरीज: 58, 61, 63. पेलेट काळ्याच्या आत-बाहेर कुठेही. काळा गोल सुमारे सहा सेंटिमीटरचा, त्यातलं दहाचं वर्तुळ 11.5 मिमी. माझं सगळं लक्ष त्या काळ्यावर खिळलेलं असायचं. सर म्हणाले, "ताई, काळा पुसट दिसू दे. साइट धारदार दिसली पाहिजे." साइट म्हणजे नेम धरायची खूण: नळीच्या टोकाला उभी पट्टी, मागे खाच. आणि वहीत गणित मांडून दाखवलं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर. पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर दीड सेंटिमीटरहून जास्त फरक, आणि एक वर्तुळ आठ मिलिमीटरचं. म्हणजे जवळपास दोन वर्तुळांचा फरक. उलट, साइट खाचेत नीट असून अख्खा हात दोन मिलिमीटर वर-खाली डोलला, तर टार्गेटवरही फरक दोनच मिलिमीटरचा. त्या दिवशी मी हात डोलण्याला घाबरणं सोडलं.

आता मला जे दिसतं ते असं: खाचेत मधोमध उभी पुढची साइट, तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन सारख्या फटी, वर सपाट रेघ, आणि पलीकडे राखाडी धुक्यासारखा गोल. डावी फट बारीक झाली की मनगट डावीकडे मोडलंय हे कळतं, उजवीकडे नव्हे. हे समजायला मला तीन आठवडे लागले. सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. हे सर्वांत अवघड. ऑगस्टभर मी रोज किमान पाचदा हात खाली घेण्याचं व्रतच घेतलं होतं, आणि सिरीज 70 च्या वर स्थिरावली ती त्याच महिन्यात.

सप्टेंबरात ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. माझा पंजा लहान, क्लबचं ग्रिप मध्यम मापाचं, तळहाताखाली पोकळी राहायची. सरांनी लाकडाची पुट्टी लावून, हात दाबून ठेवायला सांगून, सुकल्यावर कानशीने घासून दिली. पुढच्या आठवड्यात 77, 79, 81. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, खाली-डावीकडे सरकला होता तो साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून मध्यावर आणला.

आठवड्याला चार दिवस जाते. बारा मिनिटांची वाट आहे म्हणूनच चार दिवस जमतं. इतर गावांतल्यांनी विचारलंय म्हणून लिहिते: मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, कोल्हापुरात दुधाळीची. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या कोल्हापुरात या खेळाची माहितगार माणसं सहज भेटतात. लहान गावात असाल तर जवळच्या एनसीसी युनिटमध्ये किंवा तालुका क्रीडा संकुलात विचारा. मला शाळेवरच्या या हॉलचा पत्ता एका निवृत्त एनसीसी हवालदारकाकांनीच दिला. घरी गच्चीवर छर्रे मारू नका. घरी भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरा, त्याचा उपयोग जास्त होतो.

पुढचा महिना 60 शॉट्सचा. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्याला 75 मिनिटं मिळतात, आमच्या कप्पीवर मला शंभराहून जास्त लागतात, तेव्हा कागद बदलण्याचा हात आधी बसवायचाय. चाळीस शॉटनंतर दंड भरून येतो आणि शेवटची सिरीज 74 वर घसरते. त्यासाठी सरांनी लिटरभर पाण्याची बाटली धरून मिनिटभर उभं राहायला सांगितलंय, दिवसातून दहा वेळा. आज सात झाल्या.