तुमानी दियाबाते यांचा कोरा

आज संपूर्ण दुपार पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे वादक तुमानी दियाबाते यांचे कोरावादन ऐकले आणि एकाच माणसाच्या हातून खर्ज, लय आणि वरची नाजूक नक्षी एकाच वेळी कशी उमटते, याचे नवल शेवटपर्यंत ओसरले नाही. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गायीचे कातडे ताणून, त्यात लांब दांडी बसवून 21 तारा लावलेले हे वाद्य केवळ दोन अंगठे आणि दोन तर्जनी यांनी वाजवतात. उरलेली बोटे दोन खुंट्या धरून वाद्य सावरतात. पूर्वी कातड्याच्या असणाऱ्या तारा आता बहुधा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात.

या कलेमागे जेली घराण्यांची परंपरा उभी आहे. वंशावळी स्मरणात ठेवणे, स्तुतिगीते गाणे, भांडणांत समेट घडवणे ही त्यांची पिढीजात कामे असून, 13व्या शतकात माली साम्राज्य स्थापन करणाऱ्या सुंजाता केइता यांची गाथा त्यांनीच मुखोद्गत जपली. ग्रंथ नाहीत म्हणून इतिहास नाही, असे मानणे किती अन्यायाचे आहे, हे मला आज फार तीव्रतेने जाणवले.

तुमानी 2024 मध्ये निवर्तले. त्यांचे वडील सिदिकी मोठे कोरावादक होते आणि आजोबांचेच नाव धारण करणारा मुलगाही कोरा वाजवतो. तुमानी आणि त्यांचा हा मुलगा यांचे 2014 मध्ये प्रकाशित झालेले जोडवादन संगीतप्रेमींनी आवर्जून ऐकावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.